‘लहान, पण निरोगी’ : एका जुन्या सिद्धांताची फेरतपासणी

शाळेच्या आरोग्य तपासणी कार्डावर विद्यार्थ्याची उंची आणि वजन लिहिलेले असते. शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडलेल्या दाखल्यावर त्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न असते. हे दोन्ही कागद बहुधा एकाच कपाटात पडून असतात आणि ते शेजारी ठेवून पाहावेत असे अनेकांना वाटते. शिक्षणशास्त्राच्या व शारीरिक शिक्षणाच्या लघुप्रबंधांत तर हा विषय ठरलेलाच. उत्पन्नाचे तीन गट करायचे, प्रत्येक गटाची सरासरी उंची काढायची आणि शेवटी ‘दोहोंमध्ये धन सहसंबंध आढळला’ असे लिहून बांधणीला द्यायचे. हा निष्कर्ष चुकीचा नसतो. गरीब घरातली मुले सरासरीने बुटकी आणि हलकी असतात, हे जवळजवळ दोनशे वर्षांपासून मोजून माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या गरीब वस्त्यांतून जहाजांवर कामाला घेतलेली मुले आणि सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयातली उमरावांची मुले यांच्या नोंदी उपलब्ध आहेत. चौदाव्या वर्षी त्यांच्या सरासरी उंचीत सुमारे सहा इंचांचा फरक होता. देश एक, भाषा एक, वंशही एकच!

खरा वाद या सहसंबंधाचा अर्थ काय, याबद्दल आहे. त्याचे दोन अर्थ लावता येतात. गरिबीने मुलाची वाढ खुंटवली, हा एक. मुलाच्या शरीराने गरिबीशी जुळवून घेतले, ते लहान राहिले, पण त्याचे तसे काही बिघडले नाही, हा दुसरा. हा दुसरा अर्थ सिद्धांताच्या रूपाने ज्या पुस्तकात आला ते आपल्या पुण्यातच प्रसिद्ध झाले होते. १९८२ साली महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या संशोधन संस्थेने (आजची आघारकर संशोधन संस्था) डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी संपादित केलेला पोषणविषयक नव्या संकल्पनांचा संग्रह काढला. त्यात डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा ‘लहान, पण निरोगी’ या आशयाच्या शीर्षकाचा लेख होता. आज तो फारसा कोणी वाचत नाही. त्याचे म्हणणे मात्र दर काही वर्षांनी नव्या कपड्यांत परत येते. म्हणून तो नीट तपासून घेणे शिक्षकांना उपयोगाचे ठरेल.

आधी सुखात्म्यांबद्दल. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत जवळजवळ वीस वर्षे संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. पुण्यात परतल्यावर त्यांनी एका रूढ पद्धतीवर बोट ठेवले. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांच्या १९७१ च्या प्रसिद्ध अभ्यासात दरडोई २२५० कॅलरींचा निकष धरून गरिबी मोजली होती. सुखात्म्यांचा आक्षेप असा की सरासरी गरज हीच किमान गरज मानणे चूक आहे. वर्गाच्या सरासरी गुणांखालच्या प्रत्येकाला नापास ठरवले, तर हुशारांतल्या हुशार वर्गातही निम्मी मुले नापास होतील. शिवाय एकाच माणसाची गरज आठवड्या-आठवड्याला बदलते आणि शरीर काही मर्यादेत ती सांभाळून घेते. या मुद्द्यावर दांडेकर आणि सुखात्मे यांच्यात ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर चांगलीच जुंपली. संख्याशास्त्र शिकवणाऱ्याने तो वाद मुळातून वाचावा असा आहे.

सुखात्म्यांचे आणखी एक म्हणणे होते आणि ते त्यांच्या टीकाकारांनी पुरेसे मनावर घेतले नाही. नुसते अन्न देऊन भागणार नाही, पिण्याचे पाणी आणि परिसराची स्वच्छता सुधारल्याशिवाय खाल्लेले अंगी लागणार नाही, असे ते सांगत. या मुद्द्याकडे पुढे यायचेच आहे.

सेक्लर यापुढे एक पाऊल गेले. त्या काळी कुपोषण मोजायला मेक्सिकोच्या गोमेझ यांनी १९५६ मध्ये सुचवलेले वर्गीकरण वापरत. प्रमाण वजनाच्या ९० टक्क्यांखाली सौम्य, ७५ खाली मध्यम आणि ६० खाली तीव्र, असे ते गट. तीव्र कुपोषित मुले खरीच आजारी असतात, हे सेक्लरना मान्य होते. त्यांचा रोख मधल्या मोठ्या समूहावर होता. ही मुले हडकुळी नाहीत, उंचीच्या मानाने त्यांचे वजन ठीक आहे, ती खेळतात, कामे करतात. केवळ आकाराने लहान आहेत. अन्न कमी पडल्यावर शरीराने वाढीचा खालचा मार्ग धरला, हा रोग नसून जुळणी आहे. सबब, कुपोषितांच्या यादीतला फार मोठा भाग ‘लहान, पण निरोगी’ म्हणून वगळावा आणि सरकारने आपला पैसा खऱ्या आजाऱ्यांवर खर्च करावा.

हे म्हणणे पटण्यासारखे वाटते, याचे कारण आपण सगळेच अशी मुले रोज पाहतो. पाचवीतला एखादा चिमणा मुलगा कबड्डीत सगळ्यांना चकवतो, बेरजा तोंडी करतो आणि वर्षभर एक दिवसही आजारी पडत नाही. त्याला कुपोषित कसे म्हणावे? म्हणूही नये. आई-वडील ठेंगणे असतील तर मूल ठेंगणे असू शकते, हा आनुवंशिकतेचा साधा भाग आहे.

पण इथेच सिद्धांताची मुख्य चूक आहे आणि ती संख्याशास्त्राची आहे, ही यातली गंमत. आज आपण खुजेपणा मोजतो तो जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकावर. वयाच्या मध्यम उंचीपासून दोन प्रमाण विचलनांपेक्षा खाली असलेले मूल खुजे. व्यवस्थित वाढणाऱ्या समूहातही या रेषेखाली शंभरात दोन-तीन मुले असतातच. ती खरोखर लहान पण निरोगी असतात. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी या रेषेखाली किती आहेत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये ४६ टक्के, २०१५-१६ मध्ये ३४ टक्के, २०१९-२१ मध्ये ३५ टक्के. दोन-तीन जणांबद्दलचे समर्थन पस्तीस जणांना लावता येत नाही. त्या पस्तिसांतला नेमका कोणता मुलगा जन्मतःच ठेंगणा आणि कोणाची वाढ खुंटलेली, हे एकट्या मुलाकडे पाहून सांगता येणार नाही, हे खरे. पण संपूर्ण वक्रच डावीकडे सरकलेला दिसतो, तेव्हा रेषेच्या वरची कित्येक मुलेही आपल्या शक्य उंचीपेक्षा कमी राहिलेली असतात. चार फूट साडेचार इंच व्हायचा तो चार फूट तीनवर थांबला, तर तो कोणत्याही यादीत येत नाही.

दुसरी चूक ‘निरोगी’ या शब्दात आहे. आज ताप नाही, पोट बिघडलेले नाही, एवढ्यावर निरोगी म्हणायचे का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे एके काळचे संचालक डॉ. सी. गोपालन यांनी १९८३ मध्ये या सिद्धांताला उत्तर दिले. लहान असणे आरोग्याचे, पण ते गरिबांसाठीच, श्रीमंतांसाठी नाही का, असा त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच टोमणा होता. त्यांचा मुद्दा साधा होता. जगणे आणि धडधाकट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अन्न कमी पडल्यावर शरीर जी ‘जुळणी’ करते तिची किंमत ते कुठे ना कुठे मोजत असते.

ती किंमत नंतरच्या काळात मोजली गेली. ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन गावांतल्या मुलांना प्रथिनयुक्त पेज मिळे, दोन गावांतल्या मुलांना नुसते गोड सरबत. ही मुले मोठी होऊन कमावती झाल्यावर संशोधक पुन्हा तिथे गेले. दोन वर्षांच्या आत पेज मिळालेल्या पुरुषांची ताशी कमाई सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. स्त्रियांच्या कमाईत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. कमाईची संधी असेल तिथेच तो दिसणार. तर उत्पन्न आणि उंची यांचा बाण एकाच दिशेने जात नाही. बापाच्या उत्पन्नाचा परिणाम मुलाच्या उंचीवर होतो. ज्या दिवसांत उंची घडते त्याच दिवसांत मेंदूही घडतो आणि त्याचा परिणाम मुलाच्या पुढच्या उत्पन्नावर होतो. लघुप्रबंधातला सहसंबंधाचा आकडा या चक्रातला एक क्षण तेवढा पकडतो.

सर्वात बोलका पुरावा पुन्हा पुण्याचाच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो होते, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमध्ये जन्मणाऱ्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, हे तर अपेक्षितच होते. पण मोजपट्टी आणि त्वचेची घडी मोजणारा चिमटा लावल्यावर दिसले की सगळे अवयव सारख्या प्रमाणात लहान नव्हते. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान, चरबी मात्र तुलनेने टिकून राहिलेली. दिसायला किडकिडीत, आतून चरबीयुक्त! अशा शरीराला पुढे जरा बरे दिवस आले, बसून खायची सोय झाली, की मधुमेहाचा धोका वाढतो. सेक्लर ज्याला जुळणी म्हणत होते ती ही अशी आहे. लहान प्रतिकृती तयार होत नाही. वेगळ्या बांधणीचे शरीर तयार होते. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा सेक्लर यांच्या लेखाला एकवीस वर्षे होऊन गेली होती.

आता लातूरकडे येऊ, कारण ‘उत्पन्न’ या शब्दाचे काय करायचे हे इथे चांगले समजते. दाखल्यावरचा आकडा शिष्यवृत्तीच्या मर्यादेशी किती जवळचे नाते राखून असतो, हे शिक्षकांना सांगायला नको. तो बाजूला ठेवला तरी अडचण उरतेच. कोरडवाहू शेतकऱ्याचे एका वर्षाचे उत्पन्न म्हणजे काय? सोयाबीन साधले तर एक आकडा, ऐन शेंगा भरताना पावसाने ओढ दिली तर दुसरा. राष्ट्रीय सर्वेक्षणे म्हणूनच उत्पन्न विचारत नाहीत. घराची जमीन कशाची, पंखा आहे का, दुचाकी आहे का, संडास आहे का, अशा वस्तूंवरून ती कुटुंबांचे पाच थर पाडतात. २०१९-२१ मध्ये देशात तळाच्या थरातली ४६ टक्के मुले खुजी होती, वरच्या थरातली २३ टक्के.

उंचीचा स्वभावही वार्षिक नाही. वजन हे महिन्याचे खाते आहे, पंधरा दिवसांच्या जुलाबांत ते उतरते आणि सुगीत भरून येते. उंची ही साठत गेलेली रक्कम आहे. तिचा मोठा हिस्सा गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत ठरतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन पोचली. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश काढण्याची वेळ आली होती. त्या महिन्यांत जन्मलेली मुले २०२६ मध्ये दहा वर्षांची होतात आणि चौथी-पाचवीच्या वर्गात बसतात. त्यांच्या आजच्या उंचीत जर कशाचा हिशेब असेल, तर तो आई गरोदर असताना घरात किती घागरी पाणी होते, ती ते कुठून आणत होती, बाळाची दूध पाजायची वाटी कशाने धुतली जात होती, याचा असेल. त्या उंचीशेजारी २०२६ चा दाखला ठेवून काढलेला सहसंबंध बराच पातळ निघणार. मग ‘उत्पन्नाचा वाढीवर विशेष परिणाम होत नाही’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर त्या आकडेमोडीत चूक सापडणार नाही, तरी तो निष्कर्ष चुकीचाच.

पाण्याने आपण पुन्हा सुखात्म्यांच्या मुद्द्याशी आलो. वारंवार जंतुसंसर्ग झाला की लहान आतड्याच्या आतल्या बोटांसारख्या उंचवट्यांची झीज होते, अन्नरस शोषला जात नाही आणि शरीराची शक्ती जंतूंशी लढण्यात जाते. वरच्या थरातलीही जवळजवळ चौथाई मुले खुजी का, याच्या उत्तराचा एक भाग इथे असावा. पगार घरापुरता असतो, माशी आणि गटार साऱ्या गल्लीचे. मात्र या उत्तराबद्दल फार निश्चिंत राहता येत नाही. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे इथे घरोघरी संडास, हात धुण्याची सोय आणि पाणी शुद्ध करण्याची साधने देऊन मोठे प्रयोग झाले. २०१८-१९ मध्ये त्यांचे निकाल आले. एवढ्याने मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहाराने थोडी वाढली. घरापुरती स्वच्छता पुरत नाही, नळाने शुद्ध पाणी आणि बंदिस्त गटार साऱ्या वस्तीलाच हवे, असा एक अर्थ लावला जातो. दुसरा अर्थ असा की बाळ जन्मण्याआधीच बरेचसे ठरून गेलेले असते. मला दुसऱ्यात अधिक तथ्य वाटते. भारतात गरोदरपणाच्या सुरुवातीला सुमारे ४२ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या असतात आणि आफ्रिकेच्या सहारा-दक्षिण भागात हे प्रमाण सुमारे १६ टक्के आहे, असे २०१५ मधल्या एका अभ्यासाने दाखवले. तिथली कुटुंबे आपल्याहून श्रीमंत नाहीत.

आफ्रिकेशी होणारी हीच तुलना घेऊन जुना सिद्धांत २०१३ मध्ये परत आला. अर्थशास्त्रज्ञ अरविंद पानगढिया यांनी असा युक्तिवाद केला की उत्पन्न आणि बालमृत्यू या बाबतींत आफ्रिकेतल्या अनेक देशांपेक्षा भारत बरा असताना आपली मुले अधिक खुजी दिसतात, त्या अर्थी जागतिक मानकच आपल्याला गैरलागू असावे. भारतीय मुले आनुवंशिकतेनेच लहान असावीत. प्रश्न रास्त आहे, उत्तर टिकत नाही. ते मानक तयार करताना मोजलेल्या सहा ठिकाणच्या मुलांत दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांची मुलेही होती. ओस्लो, अक्रा, मस्कत इथल्या मुलांच्या बरोबरीनेच ती वाढली. नेदरलँड्सचे तरुण १८६० च्या सुमारास सरासरी १६५ सेंटिमीटर होते, आता १८३ च्या आसपास आहेत. दीडशे वर्षांत जनुके अशी बदलत नसतात. आणखी एक पुरावा घरातलाच आहे. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये दाखवले की भारतातले पहिले अपत्य आफ्रिकेतल्या पहिल्या अपत्यापेक्षा बुटके नसते. फरक दुसऱ्यापासून सुरू होतो आणि पुढे वाढत जातो. मुलगा हवा या हट्टाशी त्याचा संबंध आहे. आई-वडील तेच, जनुके तीच, उत्पन्नही तेच. मग तिसऱ्या मुलीची उंची कोणी खाल्ली?

या सिद्धांताचा उपयोग कोणाला होतो, हेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात शाळेच्या दुपारच्या जेवणात नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा अंडे, किंवा न खाणाऱ्यांना केळे, देणे सुरू झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. त्या निर्णयामागे कोणी सेक्लर वाचले होते, असे मला म्हणायचे नाही. पण मुले दिसायला ठीक आहेत, ही समजूत पक्की झाली की एक अंडे कमी करणे सोपे जाते. उलटही घडू शकते. २००५ मध्ये औरंगाबादेतून (आताचे छत्रपती संभाजीनगर) राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू झाले. त्यानंतर २०१२ मध्ये झालेल्या राज्यव्यापी सर्वेक्षणात दोन वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा २००५-०६ च्या मानाने किमान एकतृतीयांशाने उतरलेला आढळला.  त्याचे श्रेय एकट्या अभियानाला द्यावे का, यावर मतभेद आहेत. आणि पुढच्या दोन सर्वेक्षणांत आकडा जागचा हलला नाही, हेही वर आलेच आहे.

एवढे असूनही ज्यांना शाळेत हा अभ्यास करायचा आहे त्यांनी तो जरूर करावा, फक्त रकाने बदलावेत. उत्पन्नाच्या जागी जन्मतारीख महिन्यासह अचूक घ्यावी, कारण ‘दहा वर्षे’ या नोंदीत साडेनऊ आणि साडेदहा दोन्ही बसतात आणि त्या वर्षभरात मूल पाच-सहा सेंटिमीटर वाढते. भावंडांतला क्रम लिहावा. ज्या मुलांचे आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात त्यांनी जन्मापासून किती हंगाम कोपीवर काढले, ते विचारावे. पालकसभेला आलेल्या आईची उंची त्याच भिंतीवरच्या पट्टीवर मोजून घ्यावी. मोजताना चपला काढलेल्या, टाचा भिंतीला टेकलेल्या आणि नजर समोर असावी. एकाच मुलाची उंची दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे मोजावी. अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक फरक आला तर पुन्हा मोजावे. आणि आकडे वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नयेत.